घरची पाहुणी

जबलपूरमधल्या घमापुरच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की नागसेनच्या तोंडात तीळ भिजत नाही. एकुलती एक मुलगी एकता परदेशात शिकायला गेली, तेव्हा भाजीवाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत ज्याला त्याला तो थांबवून सांगायचा, "शाश्वत आंतरराष्ट्रीय पर्यटन विकास. एम.ए. आहे, एम.ए.!" समोरचा गोंधळला की समजावून द्यायचा, "म्हणजे पाहुणे यायला पाहिजेत, पण ज्याच्या घरी येतात त्याचं वाटोळं नाही झालं पाहिजे. त्याची विद्या आहे ही."

आणि आता त्याच नागसेनला दोन तास तोंड शिवून बसायचं होतं.

एकता वर्गाबरोबर जबलपुरात आली होती, पण उतरली होती हॉटेलात. अभ्यासाचा शेवटचा भाग असा होता, की प्रत्येक विद्यार्थ्यानं एखादं साधं कुटुंब शोधायचं, वर्गाला तिथं जेवायला न्यायचं, आणि परदेशी पाहुणे तिथं राहू शकतील का याची पारख सगळ्यांनी मिळून करायची. अट एकच, ते कुटुंब नात्यातलं नको. एकतानं भेडाघाटच्या एका नाववाल्याचं घर ठरवलं होतं. त्याच्याकडे अचानक लग्न निघालं आणि तो नाही म्हणाला. म्हणून आदल्या दिवशी ती आईबापाच्या दारात उभी राहिली.

"बाबा, फक्त दोन घंट्यांचं काम आहे. तुम्ही मला ओळखत नाही, बस."

"ओळखत नाही म्हंजे?"

"म्हणजे मी तुमची कोणी नाही. मला मॅडम म्हणा. हे बिघडलं तर मार्था मॅडम मला त्यांच्या प्रोजेक्टवर घेणार नाहीत. नोकरी नाही तर व्हिसा नाही. मग वापस यायचं आणि इथंच कुठल्या ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढत बसायचं."

"वापस येणं इतकं वाईट आहे काय वं?" तिची आई बेबी म्हणाली.

एकता भिंतीवरचा स्वतःचा फोटो उतरवत होती, पदवीचा काळा झगा घातलेला. खिळा उघडा राहिला, तिथं बेबीनं कॅलेंडर टांगलं. शेजारी बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. "ते राहू द्या," एकता म्हणाली, "ते लोकल कल्चरमध्ये येतं."

नागसेनला चपलेत खडा गेल्यासारखं झालं. पण माणूस खड्यासकटही चालतो. लेकीच्या भल्याचं आहे म्हटल्यावर त्यानं मान हलवली.

"जेवायला काय करू?" बेबीनं विचारलं.

"मेनू पास झाला आहे. ज्वारीची भाकर, वरण, ठेचा, वांग्याची भाजी."

"वांगं? आन् तुले?"

एकताला वांगं चालत नसे. लहानपणापासून एक घास पोटात गेला की ओठ सुजायचे, गळ्यावर गांधी उठायच्या. लग्नात, बारशात कुठंही जेवायला गेलं की नागसेनच्या सदऱ्याच्या खिशात गोळी असायची. पंगतीत बसल्या बसल्या ती बापाकडे हात पुढं करायची आणि तो न बोलता गोळी तळहातावर ठेवायचा.

"मला वाढूच नका ना," एकता म्हणाली. "मी वरण-भाकर खाईन. पण पानात काही टाकायचं नाही हं. अन्न वाया घालवलं की मार्क कापतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागसेन मेडिकलमध्ये गेला, गोळ्यांची पट्टी घेतली आणि इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. कोण जाणे, चुकून घास गेला तर.

पाहुणे आले. प्रोफेसर मार्था, चार गोरी पोरं, आणि लंडनमध्ये वाढलेला विपुल, जो मोडक्या हिंदीत दुभाष्याचं काम करत होता. एकता सगळ्यांच्या मागून आत शिरली. नागसेननं सगळ्यांना नमस्कार केला, तिलाही केला.

"आइए मॅडम."

"थँक यू, अंकल," एकता म्हणाली.

सगळे खाली बसले. याच फरशीवर नागसेननं खडूनं ए-बी-सी-डी काढून पोरीला इंग्रजी शिकवलं होतं. फॅक्टरीत फिटर होता तो, मशीनची पुस्तकं वाचून वाचून इंग्रजी बऱ्यापैकी समजायची. हे एकताला माहीत होतं. पण सोंग फार मन लावून केलं की माणूस सोंगालाच खरं मानतो, तसं तिचं झालं असावं. ती मार्थाबाईंना इंग्रजीत सांगायला लागली,

"जागा लहान आहे. संडास चालेल. यजमान जरा जास्त बोलतात, पण कामगार वर्गातली, साधी माणसं आहेत. थोडं शिकवलं तर जमेल यांना."

नागसेन भाकरीची टोपली धरून उभा होता. 'शिकवलं तर' हे शब्द त्यानं ऐकले आणि टोपली पुढं सरकवली. घाबरली असेल, तो स्वतःला म्हणाला, घाबरलं की पोरगी फटाफट बोलते.

विपुल मोठा मनमोकळा पोरगा. भाजी चाखून म्हणाला, "अंकल, मस्त! ऐसा खाना एकता के घर में भी नहीं मिलेगा."

"काहून? म्हंजे, क्यों?" नागसेननं विचारलं.

"अरे, उसके पापा बड़े अफसर हैं ना. राइट टाउन में बंगला है. हम लोग मिलने वाले थे, मगर वो टूर पर हैं." मग त्यानं एकताला कोपर मारलं. "इसने तो ये मोहल्ला भी पहली बार देखा है. रास्ते में नाक पर रूमाल रखकर बैठी थी!"

पोरं हसली. एकताही हसली.

स्वयंपाकघराच्या दारात बेबीच्या हातातला पेला खाली पडला आणि घरंगळत कोपऱ्यात गेला. कोणी पाहिलं नाही. नागसेननं एकताकडे पाहिलं. ही अट अभ्यासाची नव्हती. हा अफसर बाप काल सायंकाळी जन्मलेला नव्हता. तो दोन वर्षं तिकडे राहत होता, आणि नागसेन मात्र इकडे भाजीवाल्याला एम.ए.चं नाव पाठ म्हणून दाखवत होता.

"अच्छा," तो म्हणाला. "बड़े अफसर हैं."

तो आत गेला आणि भाजीचं पातेलं घेऊन आला. बेबीनं त्याचा हात धरला. "अवो, काय करून राहिले?"

त्यानं हात सोडवला. पंगतीत येऊन तो सरळ एकतासमोर वाकला आणि तिच्या पानात भरलेली दोन वांगी रश्शासकट वाढली.

"मॅडमनं तर भाजी घेतलीच नाही. घ्या ना."

"नको, अंकल. पोट भरलं."

"असं कसं? आमच्याकडे पाहुण्यानं पान टाकलं तर घरच्या बाईचा अपमान असते." आणि मार्थाबाईंकडे वळून तो जपून जपून इंग्रजीत म्हणाला, "नो वेस्ट. व्हेरी बॅड, वेस्ट."

"अगदी बरोबर!" मार्थाबाई खूश झाल्या. "एकता, यजमानांचा मान राख."

सगळे बघत होते. एकतानं वांग्याचा तुकडा तोडला, भाकरीत धरला आणि खाल्ला. मग दुसरा. नागसेन पातेलं घेऊन तिथंच उभा राहिला. तिचा खालचा ओठ आधी लाल झाला, मग जाड झाला. तिनं मान खाजवली. एक वांगं संपलं. दुसऱ्याला हात घालताना तिनं वर पाहिलं, बापाच्या खिशाकडे. आणि कोणाला दिसू नये असा डावा तळहात मांडीवर उघडा ठेवला, लहानपणी ठेवायची तसा.

नागसेनला तो हात दिसला. खिशातली पट्टी त्याच्या छातीला टोचत होती.

"और दूँ, मॅडम?" त्यानं विचारलं.

तळहात मिटला. तिनं दुसरं वांगंही संपवलं.

निघताना मार्थाबाईंनी विपुलकरवी विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

एकता दारात पायात बूट घालत होती. ओठ सुजून डोळ्यांना पाणी आलं होतं, ती थांबली. खोटं सांभाळलं जाईल की फुटेल, हे आता बापाच्या जिभेवर होतं, आणि ती जीभ कशी आहे हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"एक मुलगी होती," नागसेन म्हणाला.

विपुलनं 'होती'चाच अर्थ सांगितला. मार्थाबाईंनी छातीवर हात ठेवला आणि "सॉरी, सो सॉरी" म्हणत नागसेनचे दोन्ही हात धरले. मग एकताच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "उत्तम घर शोधलंस. प्रोजेक्टची पहिली जागा हीच. आता तुला इथं नेहमी यावं लागेल."

एकतानं सगळ्यांसारखा नमस्कार केला. ओठ इतका सुजला होता की तिला नीट बोलता येईना. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली.

बेबीनं कॅलेंडर काढलं, फोटो परत टांगायला घेतला. नागसेननं तो तिच्या हातातून घेतला आणि पेटीच्या मागं, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"तिले गोळी तरी द्यायची होती," बेबी रडत म्हणाली. "सकाळी आणली नव्हती काय?"

"आणली होती."

"मंग?"

नागसेननं पट्टी काढून जेवणाच्या पत्रावळींवर टाकली आणि सगळं गुंडाळलं.

"पाहुण्यांसाठी नव्हती," तो म्हणाला.