कुल्फीच्या फ्रीजरमधली तीनशे बारा पुस्तकं

ज्ञानाला मरण नाही. आमच्या वाचनालयात त्याला फक्त अळी लागली होती.

अमडापूरच्या पुढं दोन कोसांवर आमचं गाव. साल २०१७. वाचनालयाचे सचिव भगवंतराव यांचं कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये त्यांनी 'अळी येणारच नाही' असं सांगून बीटी कपाशीचं बियाणं विकलं आणि ऑक्टोबरात त्याच गिऱ्हाइकांना अळीचं औषध. जुन्या कपाटातली तीनशे बारा पुस्तकं पोखरली गेल्याचं ग्रंथपाल गौसियानं बैठकीत सांगितलं, तेव्हा भगवंतरावांचा उपाय तयारच होता.

"पंप आणतो. दोन टाक्यांत काम होते."

"भाऊ, पुस्तकावर फवारणी?"

"कपाशीवर चालते, मंग पुस्तकावर काऊन नाही?"

"कपाशी कोणी थुंकी लावून वाचत नाही."

सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या जानरावांकडं पाहिलं. वाचनालयाचा हा सर्वांत जुना वाचक त्या वेळीही बोट जिभेला लावून पान उलटत होता. दिवसाला शंभर पानं, म्हणजे शंभरदा जीभ. त्यांचा पुतण्या ऑगस्टात फवारणी करून आठ दिवस दवाखान्यात होता, आणि त्यानं तर औषध चाटलंही नव्हतं.

गौसिया नुकतीच नागपूरहून पंधरा दिवसांचं ग्रंथसंवर्धनाचं प्रशिक्षण घेऊन आली होती. सोबत एक मऊ ब्रश, एक प्रमाणपत्र आणि एक वही. वहीत लिहिलं होतं की पुस्तक पिशवीत हवाबंद करून उणे वीस अंशांवर चौदा दिवस ठेवलं, तर अळी मरते, अंडी मरतात आणि कागदाला काही होत नाही. हे वाचून दाखवल्यावर कार्यकारिणी बराच वेळ हसली. मग भगवंतरावांनी मुदत दिली. वीस दिवसांनी तपासनीस साहेब वाचनालयाचा अनुदानाचा वर्ग ठरवायला येणार होते. तोवर एकही अळी जिवंत राहिली, तर पंप.

गावात उणे वीस अंश एकाच ठिकाणी मिळत होते, शकीलच्या कुल्फीच्या दुकानात. हिवाळ्यात त्याचा डीप फ्रीजर रिकामाच असतो.

"आपा, लोकं म्हणतीन, शकील पुस्तकायची कुल्फी विकून राह्यला."

"तुह्या हातची कुल्फी खाऊन आजवर कोणी शहाणं झालं का? होऊ दे एखादं."

नवव्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जळला. रब्बीच्या मोटारी सुरू झाल्या की तो दरसाल जळतो. गौसियानं वही उघडली. मधेच पारा उणे दहाच्या वर चढला, तर मोजणी पुन्हा एकपासून. तेवढे दिवस उरले नव्हते. भगवंतराव शकीलच्या दुकानावरून सहज म्हणून दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा पाठीवर पंप होता.

गौसिया जानरावांच्या घरी गेली. भाव येईल म्हणून थांबलेल्या कापसानं खोली आढ्यापर्यंत भरली होती आणि जानराव ओसरीत झोपत होते.

"बाबा, कापूस पाहिजे."

"किती?"

"सगळाच. तुमची पुस्तकं गार ठेवाले."

"कापूस गरम ठेवते असं आयकलं होतं बुवा," म्हणत जानराव बैल जुंपायला उठले.

फ्रीजर कापसात गाडला गेला. वर शकीलच्या अम्मीच्या दोन रजया. बोंडअळीचा कापूस घरात ठेवला की अंगाला खाज सुटते, हे वहीत नव्हतं. वाहून आणणारे सगळे अंग खाजवत पहाऱ्याला बसले. एकतीस तासांनी वीज आली. शकीलनं कापसात हात घालून फ्रीजरमधला थर्मामीटर ओढला.

"उणे बारा! आपा, उणे बारा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेवढा वेळ खाजवणं थांबलं.

विसाव्या दिवशी साहेब आले. गौसियानं एक पुस्तक पांढऱ्या कागदावर धरून हलकेच टिचकी मारली. सात अळ्या पडल्या. साहेबांनी पेनच्या टोकानं हलवून पाहिल्या. भगवंतराव चष्मा लावून वाकले, फुंकर मारली, थोडं थांबले.

"मेल्या," ते म्हणाले. दुकानातल्या कुठल्याही औषधाबद्दल इतक्या खात्रीनं बोलताना आम्ही त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांना फ्रीजरही पाहायचा होता. कापसावर ते पाच मिनिटं टेकले आणि उभ्यानंच, एका हातानं खाजवत, वर्ग वाढवण्याची शिफारस लिहून गेले. पंप दुकानात परत गेला. जानरावांनी पहिलं पुस्तक उचललं आणि बोट जिभेला लावलं. आम्ही सगळे पाहत होतो.

"चव तीच हाय," ते म्हणाले.

जानेवारीत शेगावपासून देऊळगाव राजापर्यंतचे अकरा ग्रंथपाल प्रशिक्षणाला आमच्या गावी आले. गौसिया शिकवत होती, शकील थर्मामीटर धरत होता, आणि आभाराचं भाषण भगवंतरावांनी केलं.

मार्चमध्ये फ्रीजर कुल्फीला परत गेला. त्या हंगामात आमच्या शिवारात अळी मेली ती एवढीच.