जांभळ्या फुलाचं रोप

“आई तुमच्याकडे आल्यात का हो?” बायकोने बांधावरूनच ओरडून विचारलं आणि पंपवाल्याच्या हातातला लांब आकडा तसाच थांबला.

नदीचं पाणी जिथून पंपात शिरतं तिथे लोखंडी जाळी होती. जाळीत अडकलेली जलपर्णी आकड्याने ओढून काढायची, नाहीतर गावाचे नळ कोरडे. बावीस वर्षं त्याचं हेच काम. इतक्या वर्षांत वाढली ती फक्त जलपर्णी.

“इकडे कुठे? दार उघडं टाकलंस?”

“कडी घातली होती. हल्ली त्या काढतात.”

घाटाच्या पायऱ्यांवर आईची एक चप्पल सापडली. आईला आताशा घरची माणसं ओळखू येत नव्हती, मग नदी कुठली आणि कुरण कुठलं हे काय कळणार? गेल्या वर्षी एक म्हैस गवत समजून आत उतरली होती. तिच्यावर पानं लगेच जुळली, मागमूस राहिला नाही. चौथ्या दिवशी ती वर आली.

त्याने आधी पंप बंद केला. मग काठाकाठाने आकडा खुपसत निघाला. टोकाला मऊ काही लागलं की तो डोळे मिटायचा. ओढलं की मुळ्याच. मुळ्याच असू देत, असं तो पुटपुटत होता.

तो शाळेत असताना आईने जांभळ्या फुलासाठी टबात वाढवलेलं हे जलपर्णीचं रोप उतू जायला लागलं, तेव्हा ती म्हणाली होती, “मुळं वर करून उन्हात वाळव, मग टाक.” त्याने आळस केला आणि नदीत सोडलं. सारं गाव ज्याच्या नावाने खडे फोडतं तो कोण, हे फक्त मायलेकांना ठाऊक होतं.

“अहो, इकडे!”

घाटाच्या भिंतीच्या वळणापलीकडे आई छातीभर पाण्यात होती. एका हाताने झाडाचं मूळ धरलेलं, दुसऱ्याने रोपं उपटून काठावर टाकत होती. काठावर रोपांची रांग होती, सगळ्यांची मुळं वर.

त्याने उडी घेतली, तिला कवेत धरून बाहेर काढलं. ती कुडकुडत त्याच्याकडे परक्यासारखी बघत राहिली.

“दादा, तुम्ही पंपावरचे ना? कुणाला बोलू नका हं. हे माझ्या मुलाने टाकलंय. लहान होता हो. त्यालाही सांगू नका, मनाला लावून घेईल.”

त्याला रडू फुटलं.

“नाही सांगणार, मावशी.”

तिच्या मुठीत एक रोप राहिलं होतं. ते त्याने सोडवून घेतलं आणि रांगेच्या शेवटी, मुळं वर करून, उन्हात ठेवलं.