दुप्पट वजनाचा कोन

दत्तमंदिरातल्या स्पीकरचा फाटलेला कागदी कोन सयाजीनं स्वतःच बदलून दिला होता, सेवा म्हणून. राजारामपुरीतल्या त्याच्या स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात मिरवणुकीच्या साउंड बॉक्सचे जाडजूड कोन पडलेले असायचे. टिकेल म्हणून त्यातलाच एक बसवला. पुढच्या गुरुवारी भजनात चिमणाबाईंचा आवाज माईक असूनही मागच्या रांगेपर्यंतसुद्धा पोचेना.

"सयाजी, स्पीकर बघ की जरा," त्या म्हणाल्या.

"आक्का, पाचशे वॅटचा हाय त्यो! गळा बसलाय तुमचा. आता नातवंडं सांभाळा."

बायका हसल्या. चिमणाबाईही हसल्या. पण नंतरचे दोन गुरुवार त्यांनी तोंड उघडलं नाही. वीस वर्षं पहिला अभंग त्यांचा असायचा.

या मंगळवारी दुकानात तसलाच एक स्पीकर आला, मूळचा कोन सुटलेला. सयाजीनं तो कोन त्याला चिकटलेल्या कॉइलसकट सहज वजनकाट्यावर ठेवला. तीस ग्रॅम. मग देवळात बसवला होता तसलाच जाड कोन, तोही कॉइलसकट, ठेवला. साठ. मॅग्नेट तेच, हलवायचं वजन मात्र दुप्पट. म्हणजे तेवढ्याच विजेत आवाजाची ताकद चौथाईवर. वॅटचा आकडा स्पीकर किती सोसतो ते सांगतो, किती बोलतो ते नाही. हे तो गिऱ्हाइकांना रोज ऐकवायचा.

गुरुवारी आरतीआधीच जाऊन त्यानं जाड कोनाचा स्पीकर काढून हलक्या कोनाचा जोडला. कुणाला काही बोलला नाही. "आक्का, आज म्हणून तर बघा," एवढंच.

चिमणाबाईंनी भीतभीत सूर लावला आणि तो थेट रस्त्यापर्यंत गेला. अभंग संपल्यावर त्यांनी दत्तापुढं हात जोडले. "देवा, ज्येष्ठमध चाटून चाटून जीभ सोलली, पर गुण दिलास बाबा." प्रसाद त्यांनी आधी सयाजीच्याच हातावर ठेवला. "तू बोललास म्हणून गळ्याकडं ध्यान गेलं."



"आक्का, गळा चांगलाच हुता. माझाच कोन जड झालता," तो खाली मान घालून पुटपुटला.

"मग दोन गुरुवार मी देवाम्होरं मुकी बसले, ती कशापायी रं?"

तो वाकून माईकची वायर गुंडाळायला लागला.

"त्या दिवशी चारचौघींत खणखणीत बोललास की. आताच तोंडातल्या तोंडात व्हय?" त्यांनी माईक त्याच्यापुढं सरकवला.

सयाजीनं माईक धरला. "आक्कांचा गळा बसला न्हवता. चूक माझी हाय."

बाहेरच्या स्टॉपवरचे दोन रिक्षावाले मान वळवून आत बघायला लागले.