थोरल्या घरानं होकार दिला तेव्हा

जेवणाच्या सुट्टीत बातमी आली आणि धाकटीनं उचललेला घास परत ताटात ठेवला. थोरलं घर बेटाच्या बाजूनं मत देणार होतं.

थोरलं घर म्हणजे पूर्वी त्यांच्यावर राज्य करणारा देश. परराष्ट्र खात्यात त्याला सगळे तसंच म्हणत, थोडं प्रेमानं, थोडं दात-ओठ खात. आणि धाकटी म्हणजे जागतिक सभेतली त्यांची उपप्रतिनिधी. तिच्या ताईनं एकदा कचेरीत फोन करून "आमच्या धाकटीला द्या हो जरा" म्हटलं, तेव्हापासून ती सगळ्या कचेरीची धाकटी झाली होती. मुख्य प्रतिनिधी पोट धरून हॉटेलात पडले होते, म्हणून आज खुर्ची तिची होती. देशाचं नाव पुकारलं की होय किंवा नाही म्हणायचं, एवढंच काम.

एवढंच, पण कधीच सोपं नव्हतं. स्वातंत्र्य मिळालं, वेगळी चूल मांडली, झेंडा नवा शिवला, तरी मतदानाच्या वेळी मान आपोआप पुढे वळायची. थोरल्या घराची खुर्ची बरोब्बर पुढच्या रांगेत. जुने प्रतिनिधी नव्यांना पहिल्याच दिवशी सांगत, "कागद सावकाश वाचा हो, आधी पुढच्या टकलाकडे बघा. ते डुललं की आपण डुलायचं."

मग सरकार बदललं. नवे मंत्रीसाहेब म्हणाले, इथून पुढे आपलं डोकं आपल्याच धडावर. टाळ्या पडल्या. पण डोकं वापरायची सवय कुणाला होती? खात्यानं सोपी रीत बसवली: थोरलं घर काय करतंय ते बघायचं आणि त्याच्या नेमकं उलट करायचं. वर्तमानपत्रांनी बाणेदार म्हणून पाठ थोपटली. टकलाकडे बघणं मात्र सुटलं नाही. उलट आता जास्तच निरखून बघावं लागे.

बेटाचं म्हणाल तर ते त्यांच्याच किनाऱ्यावरून दिसायचं, अजून थोरल्या घराच्या मुठीत. बेटाला आपलं राज्य मिळू दे, असं धाकटीचा देश घसा कोरडा करून सांगत आला होता आणि थोरलं घर दरवेळी नाही म्हणत आलं होतं. जगाचा निम्मा कौल इकडे, निम्मा तिकडे, ठराव एखाद-दुसऱ्या मतानं हुकायचा.

त्या बेटावर ताई दिली होती. मेहुणे बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. आई गेली तेव्हा ताई बेटावरच्या धक्क्यावर येऊन उभी राहिली. मधलं पाणी एवढंसं, पलीकडल्या घरांचे दिवे मोजावेत एवढंसं. पण ओलांडायचा परवाना यायचा थोरल्या घराच्या राजधानीतून, सात समुद्रांपलीकडून. तो आला तोवर रडणंही शिळं झालं होतं. ताईनं परवाना घेतला, चुलीत घातला, आणि त्यानंतर माहेर फक्त फोनवर उरलं.

आणि आज थोरलं घर म्हणतंय, होय. बेट पोसणं परवडेनासं झालं म्हणे.

मंत्रीसाहेबांचा फोन आलाच. "बाई, ऐकलंत का? घात झाला!"

"साहेब, पण हे तर चांगलंच झालं ना? आपण हेच मागत होतो."

"मागत होतो, तेव्हा ते देत नव्हते! आता आपण होय म्हटलं की लोक म्हणणार, आले परत शेपटीला. विरोधक मला उभा सोलतील."

"मग नाही म्हणू?"

"नाही कसं म्हणाल? बेटवाले आपले शेजारी."

"मग गप्प बसू?"

"गप्प बसलात तर मत नाही का असं विचारतील. हे बघा, आपलं मत आपलं असलं पाहिजे, बस्स."

"साहेब, आपलं मत होयच होतं."

मग मंत्रीसाहेब म्हणाले, "ते त्यांचं झालं ना आता," आणि फोन ठेवला.

सभा भरली. धाकटी खुर्चीत बसली खरी, पण मन जत्रेत चुकलेल्या पोरासारखं प्रत्येकाचं बोट धरू पाहत होतं. होय म्हणावं तर तो होय कुणाचा? देशाचा म्हणावा, तर मंत्रीसाहेब आडवे आलेत. ताईचा म्हणावा, तर ही खुर्ची काही ताईनं दिलेली नाही. आणि जुन्या सवयीचाच निघाला तर? ओठावर आलेला शब्द आपल्या पोटातून आला की पुढच्या टकलावरून घरंगळत आला, हे ओळखायचं कसं?

तिनं डोळे मिटून घेतले. निदान टक्कल दिसू नये. पण कान काही मिटता येत नाहीत. थोरल्या घराचं नाव पुकारलं गेलं. "होय," तो जुना, सावकाश आवाज म्हणाला. आणखी काही नावं गेली. मग तिच्या देशाचं नाव आलं.

मिटल्या डोळ्यांपुढे ना झेंडा होता, ना मंत्रीसाहेब. धक्क्यावरची ताई होती, पदर वाऱ्यावर, हात कपाळाशी.

"होय," धाकटी म्हणाली.

बेट जिंकलं. थोडक्यात, पण जिंकलं. टाळ्या सुरू असतानाच पुढचं टक्कल मागे वळलं. "आमच्यासोबत राहिलात. बरं वाटलं."

"आभारी आहे, सर," तिच्या तोंडून गेलं, आणि लगेच जीभ चावली. आभार कसले?

बाहेर व्हरांड्यात फोन वाजला. मंत्रीसाहेब.

"बाई, तुम्ही त्यांच्या मागे गेलात?"

"नाही, साहेब."

"मग पुढे गेलात?"

"तसंही नाही."

"मग गेलात कुठे?"

"ठाऊक नाही, साहेब. होतो तिथेच आहोत बहुतेक."

"बहुतेक! बहुतेकवर मी देशाला काय सांगू?" ते चिडलेत की खरंच विचारताहेत, तिला कळेना. बहुधा त्यांनाही कळत नव्हतं. "उद्याच्या विमानानं परत या," ते म्हणाले. "मग बघू."

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. मागे बोटींचे भोंगे, आणि त्यांच्यावरून ताईचा आवाज. "ए धाकटे! आता परवाना नको गं, बिनपरवाना! बोट दिसली की बसणार. पण येऊ कुणाकडे? घर बंद, तू तिकडे."

"मी असेन. उद्याच निघतेय."

"हो? रजा मिळाली?"

धाकटीनं खिडकीच्या थंड काचेला डोकं टेकलं. हसू येत होतं, का दुसरंच काही.

"रजा आहे की काढून टाकलंय, मला नीटसं कळलं नाही गं," ती म्हणाली. "तू ये."