शेवटच्या थांब्यावरची चार मिनिटं

तिसरी नोटीस हातात पडली आणि ड्रायव्हरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पाच महिन्यांत चौदा वेळा तुमची गाडी शेवटच्या थांब्यावरून उशिरा सुटली, तर कामावरून का काढू नये, असा सवाल होता. त्या थांब्यावर मिळायची चार मिनिटं. पुरुष ड्रायव्हर उतरून मागच्या भिंतीकडे तोंड करायचे आणि दोन मिनिटांत सिगारेट ओढायला मोकळे. बायकांचं स्वच्छतागृह मोठा रस्ता ओलांडून, बाजाराच्या पार पलीकडे. जाऊन यायला अकरा मिनिटं, तीही पळत.

सुनावणीला डेपोच्या साहेबांनी तिच्या आईलाच बोलावून घेतलं होतं. आई म्हणजे या डेपोतली पहिली बाई ड्रायव्हर. बाईच्या हातात गाडी देत नाहीत म्हणून ती कोर्टात गेली होती, आणि बाई-पुरुषाला नियम एकच, असा निकाल घेऊनच परतली होती. कालच ती लेकीवर उखडली होती, "सवलत मागू नकोस. मागितलीस की बाजूला बसवतील तुला."

"कायदा सगळ्यांना सारखा," साहेब म्हणाले. "तुमच्या आईनंच मिळवलाय तो. आता तुमच्यासाठी वेगळी मिनिटं कुठून आणू?"

"सारखा कसला, साहेब? चार मिनिटं ठरवताना तुम्ही ती भिंत धरलीत. भिंत माझ्या काय कामाची?"

जबाब लिहून घेणाऱ्या कारकुनाला हसू आवरेना. साहेबांनी घसा खाकरून एक कागद पुढे सरकवला. "बरं, वेगळंच हवंय ना? मग पास देण्याच्या खिडकीवर बदली घ्या. पगार तोच. सही करा, नोटीस मागे घेतो."

आईचं म्हणणं असं हातोहात खरं झालेलं पाहून लेकीला रडूच यायला लागलं. ते गिळून तिनं कागद परत ढकलला. "मी गाडी चालवायला आलेय. खिडकीत नाही बसायची."

साहेब आईकडे वळले. "बाई, तुम्ही सव्वीस वर्षं याच चार मिनिटांत भागवलंत. कसं, ते सांगा जरा हिला."

"पाणी प्यायचे नाही," आई म्हणाली.

कारकुनाचं पेन थांबलं.

"घरातून निघताना एक घोट, मग ड्यूटी संपेपर्यंत थेंब नाही. त्यातून मूतखडा झाला. ऑपरेशन झालं तरी इथं सांगितलं नाही, सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असती." ऑपरेशन लेकीला आठवत होतं. त्याचं कारण तिला आज कळत होतं. आई कारकुनाकडे वळली. "थांबलात का? लिहा. एकच नियम मी मागितला तो गाडी चालवायला, मुतायला नव्हे!"

लेक उठली. तिनं आईचा हात धरला.

"साहेब, माझी दोनची फेरी आहे. शेवटच्या थांब्यावरून चारऐवजी अकरा मिनिटांनी सुटेन. उद्याही, परवाही. पुढची नोटीस आत्ताच टाईप करून ठेवा."