शिला म्हणजे दगडच

"पोरीचं नाव काय केलंत, मास्तर?" लंकाबाईनं शाळेच्या उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. डोळे जागरणानं लाल झाले होते.

"शिला," विष्णुपंत म्हणाले. "शिला म्हणजे दगडच. अर्थ तोच."

त्रेचाळीस साल होतं. शेवगावकडच्या या गावात विष्णुपंत मास्तरांच्या पटावर दगडू, धोंडू आणि दगडाबाई अशी मंडळी होती. हजेरी घेताना आपण शाळेत आहोत की खाणीत, असा त्यांना प्रश्न पडे. तपासणीला साहेब येणार म्हणून त्यांनी सुधारणेला हात घातला होता, आणि सुरुवात वर्गातल्या एकुलत्या एका मुलीपासून, लंकाबाईच्या दगडाबाईपासून, केली होती.

"बाई, ऐका," मास्तर वर्गात समजावत तसं समजावू लागले. "धोंडा ठेच लागायला, दगड भिरकवायला, पाषाण कुणाच्या काळजाला म्हणायचं. शिला मात्र देवळात जाते. वस्तू एकच, अब्रू वेगवेगळी."

"अब्रू काय करायची? मला पोरगी पायजे. परवापास्नं तापानं फणफणलीया."

"तापावर कोयनेल देतो."

"द्या. पन आधी ऐका. पहिली रूपा. मग हिरा. मग मोती. लई हौसेनं ठेवली नावं. येक न्हाई राह्यलं. ही झाली तवा सासू म्हनली, दगडा म्हना. दगड कोन उचलून न्हेतंय? आन तुमी तिला गोड नाव देऊन सटवाईला दावून दिली."

अंधश्रद्धेवर मास्तरांपाशी एक अख्खं व्याख्यान तयार होतं. गेल्या साली चावडीत ते झालंही होतं, आणि श्रोत्यांना गाढ झोप लागली होती. पण रूपा, हिरा, मोती यांपुढे काय बोलावं, ते त्यात कुठंच नव्हतं.

"मग मी काय करू?"

"घरी चला. दारात हुभं ऱ्हाऊन हाक मारा. नाव तुमी फिरवलं, तुमीच माघारी आना."

कोयनेलची पुडी खिशात टाकून मास्तर निघाले. लंकाबाईच्या दाराशी शेजारणी आधीच जमल्या होत्या. मास्तरांनी घसा साफ केला.

"दगडाबाई, बरं वाटतं का आता?"

"काय वो मास्तर, इहीन लागती व्हय ती तुमची?" शेजारची मनकर्णा म्हणाली. बाया खिदळल्या.

लंकाबाई हसली नाही. "हिडीसफिडीस करा. कुनाला हवीशी वाटाया नको."

उभा जन्म शुद्ध बोलण्यात गेलेला तो गळा. मास्तरांनी डोळे मिटले. "ए दगडे! ऊठ की, ऐदी कुठली!" शेवटी आवाज चिरकलाच.

आतून, वाकळेखालून, बारीक आवाज आला. "जी, मास्तर."

लंकाबाईनं पदर तोंडाशी धरला. "आनखी येकदा," ती म्हणाली. "लांबवर जाऊंद्या. सटवाईच्या कानी पडाया पायजे."

मास्तर वळले. गावाखाली ओढा होता. लहानपणीच गेलेल्या पोरांना त्याच्याच काठी पुरायची रीत होती. त्यांनी तिकडे तोंड केलं आणि छाती भरून पुन्हा तीच हाक मारली.