पोचेपर्यंत ढोल नको

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख वसुंधरा मॅडमना घाण खपत नसे, आणि माझ्या नळ्या त्यांच्या मते घाणच होत्या. "अगं पूर्वी, हे कापसाचे धागे आहेत. डिश नीट धू." नीट धुतली की नळ्या तुटत, आणि तुटल्या की मॅडम म्हणत, "बघ, गेली ना घाण." अशा बाईशी वाद घालण्यापेक्षा आमच्या करंजा गावच्या धक्क्यावर मासळीचा भाव करणं सोपं. ते मी लहानपणापासून केलेलं आहे.

नळी म्हणजे काय ते सांगते. एक पेशी आपल्याच आवरणाचा केसाहून कितीतरी बारीक, आतून पोकळ असा धागा दुसऱ्या पेशीपर्यंत नेते. दोन इमारतींमध्ये कपड्यांची दोरी बांधावी तसा तो अधांतरी असतो. त्यातून निरोगी पेशी आजारी पेशीला ऊर्जा बनवणारे कण, म्हणजे मायटोकाँड्रिया, देऊ शकते. जगात मोजक्या ठिकाणी हे दिसलं होतं. मला ते २०१२ सालात, पनवेलमध्ये दाखवायचं होतं. पण नळी प्रखर उजेडाने तुटते, धुतल्याने तुटते, टेबल हादरलं तरी तुटते. आणि आमची प्रयोगशाळा पळस्प्याच्या रस्त्यावर, एका सोसायटीच्या हॉलवरच्या मजल्यावर. गोव्याकडे निघालेला प्रत्येक ट्रेलर आमच्या कपबशा वाजवून जायचा.

मॅडमनी शेवटचं सांगितलं होतं. गणपतीपर्यंत नळीतून काही जाताना जिवंत दाखव, नाहीतर विषय बंद. विषय बंद म्हणजे आजवरची सगळी मेहनत पाण्यात आणि घरी लग्नाची बोलणी सुरू. मला रागाने रडू यायचं.

गणपतीत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. म्हटलं, हीच वेळ. घरचा गणपती टाकून आले म्हणून आई फोनवर बोलेना. सोबतीला नावेद होता, पनवेलचाच, माझ्याबरोबर रुजू झालेला. पेशी वाढवण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा हलका. त्या दिवशीच्या पेशीही त्यानेच जपल्या होत्या.

संध्याकाळी मॅडम आल्या आणि पर्स खांद्यावरून न काढताच उभ्या राहिल्या. रस्ता गप्प होता. सूक्ष्मदर्शकाच्या मंद उजेडात मला नळी सापडली. निरोगी पेशीतले कण आम्ही लाल रंगवले होते. त्यातला एक नळीत शिरला आणि पलीकडच्या आजारी पेशीकडे सरकू लागला.

"मॅडम, बघा."

त्यांनी वाकल्या न वाकल्यासारखं केलं. "कचरा आहे. तरंगतोय."

"पलीकडे पोचू द्या, मग बोला," मी म्हटलं. एरवी मी त्यांना असं बोलले नसते.

तेवढ्यात खालून ढोलावर थाप पडली. खालच्या हॉलमध्ये सोसायटीचा गणपती बसला होता. नळी थरथरली. गणपतीत ट्रक नसतात हे मी लक्षात ठेवलं होतं, आणि गणपतीत आरती असते हे विसरले होते. आरतीच्या ढोलावर वाढलेली कोळ्याची पोर मी, घरचे ऐकून हसले असते.

"नावेद, ढोल थांबवायला सांग त्यांना. पोचेपर्यंतच." भिंगावरून डोळा न काढता मी म्हटलं. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग त्याच्यामागे दार लागलं.

"तू नावेदला पाठवलंस?" मॅडम हळूच म्हणाल्या. "आरती थांबवायला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ढोल थांबला होता. झांजाही थांबल्या. नळी स्थिर झाली, लाल कण मध्यावर आला. इतके महिने हवी होती ती शांतता मिळाली, आणि त्या शांततेत खालून एक चढलेला आवाज आला.

"मॅडम, तुम्ही बसा इथे. उजेड वाढवू नका." आणि मी निघाले.

हॉलच्या दारात नावेद चपला काढून उभा होता. भोवती माणसं जमली होती. "आरती बंद करा बोलतो हा," कुणीतरी म्हणालं.

"बंद नाही, जरा थांबा म्हटलं," नावेद म्हणाला. आवाज शांत होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी पाठवला त्याला," मी पुढे झाले. "काम माझा हाय."

ढोल गळ्यात अडकवलेले दादूमामा सोसायटीचे जुने रहिवासी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग तू का नाय आलीस?"

भिंगावरून डोळा काढता येत नव्हता, हे उत्तर तयार होतं. पण डोळा काढून तर मी आले होते. "चुकला माझा," मी म्हटलं, आणि ते नावेदकडे बघून म्हटलं. मग मामांना सांगितलं, "वर एक पेशी दुसरीला जगवाला बघते. हादरा बसला तर मधला धागा तुटंल."

मामांनी वर छताकडे पाहिलं. मग ढोल काढून सतरंजीवर ठेवला. "आरती थांबनार नाय. ढोल थांबंल." आम्ही वळलो तसे म्हणाले, "आनि तुमी दोघा आता हितंच उभे रावा. जिना पन हादरतो."

म्हणजे वर काय चाललंय ते कळायचं नाही. झांजांशिवाय, टाळ्यांशिवाय, नुसत्या गळ्यावर त्यांनी आरती म्हटली. इतकी लांब आरती मी आयुष्यात ऐकली नाही. नावेद माझ्या शेजारी हात बांधून उभा होता.

"कण पोचला नसेल तर?" मी पुटपुटले.

"तू खाली आलीस ना," तो म्हणाला. "बस झालं."

आरती संपल्यावर आम्ही चपला हातात घेऊन वर गेलो. मॅडमची पर्स जमिनीवर पडली होती. त्या भिंगावर वाकलेल्या होत्या.

"तुटली," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "पोचायच्या आधी?"

त्यांनी भिंगाची चकती किंचित फिरवली. मग डोळा न काढताच म्हणाल्या, "नंतर. आत गेलेला बघितला मी." आणि मी पुढे होऊन डिशला हात लावणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"धुऊ नकोस."